ॲडिलेड ५००

दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्याची राजधानी ॲडिलेड येथे शहराच्या रस्त्यांवर भरणारी टूरिंग मोटारगाड्यांची शर्यत. आरंभ एप्रिल १९९९. शहराच्या पूर्व कडेचे काही सार्वजनिक रस्ते आणि त्यांना लागून असलेली व्हिक्टोरिया पार्क ही उद्यानभूमी यांचा मिळून ३·२१९ किमी. लांबीचा शर्यतमार्ग दरवर्षी तात्पुरता उभारला जातो व शर्यत संपताच मोडला जातो. शनिवारी २५० किमी. आणि रविवारी २५० किमी. अशा दोन दीर्घ शर्यती हे या स्पर्धेचे मूळ स्वरूप असून नावातील ५०० हा आकडा त्यावरून आला आहे. आरंभापासून २०२१ हे एकच वर्ष शर्यतीवाचून गेले. त्या एका खंडाची कारणे व त्याचे परिणाम यांतून या शर्यतीचे शहराशी व राज्यसंस्थेशी असलेले नाते जितके स्पष्ट होते, तितके ते विजेत्यांच्या यादीवरून होत नाही.

टूरिंग गाडी म्हणजे बाजारात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाडीच्या बाह्यरूपावर बेतलेली, चाके झाकलेली व छप्पर असलेली शर्यतीची गाडी. उघड्या चाकांच्या ग्रां प्री गाड्यांहून ती जड व वळणांवर मंद असते. परंतु दुसऱ्या गाडीचा किंवा भिंतीचा ओझरता धक्का ती सोसू शकते. अरुंद नगरमार्गांवर गाड्या एकमेकींना घासतच पुढे जातात, त्यामुळे तेथे हा गुण मोलाचा ठरतो. चिनी किनाऱ्यावरील मकाव येथे १९७२ पासून भरणारी गिया शर्यत ही या प्रकारातील जुनी व नामांकित शर्यत होय. ऑस्ट्रेलियात टूरिंग गाड्यांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९६० मध्ये न्यू साउथ वेल्समधील ऑरेंज या गावी प्रथम झाली, तर १९६३ पासून बॅथर्स्ट येथील माउंट पॅनोरामा हा डोंगरी मार्ग दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीचे माहेरघर बनला. या खेळाला ऑस्ट्रेलियात लोकाश्रय लाभला तो मुख्यतः होल्डन आणि फोर्ड या दोन बनावटींमधील चुरशीमुळे. प्रेक्षक ज्या बनावटीच्या गाडीतून मैदानावर येत, तीच बनावट त्यांना शर्यतीत धावताना दिसे. आणि अनेक घरांत होल्डन की फोर्ड ही निष्ठा बापाकडून मुलाकडे आली होती. १९९३ पासून पाच लिटरच्या आठ सिलिंडरी एंजिनांच्या होल्डन कमोडोर व फोर्ड फाल्कन या दोनच गाड्यांभोवती नियम बेतण्यात आले. १९९७ पासून या स्पर्धामालिकेस ‘व्ही-एट सुपरकार्स’ असे व्यापारी नाव मिळाले.

ॲडिलेडशी होल्डनचे नाते विशेष निकटचे होते. १८५६ मध्ये जेम्स अलेक्झांडर होल्डन यांनी याच शहरात घोड्यांची जिने व खोगिरे बनविण्याचा धंदा सुरू केला. त्यातून पुढे गाड्यांचे सांगाडे व अखेर संपूर्ण मोटारी बनविणारी कंपनी उभी राहिली. शहराच्या उत्तरेस एलिझाबेथ येथे तिचा मोठा कारखाना होता. त्यामुळे ॲडिलेडच्या प्रेक्षकांपैकी अनेकांच्या दृष्टीने शर्यतीतील कमोडोर ही शेजारच्या कारखान्यात आप्तेष्टांच्या हातून तयार झालेली गाडी होती.

शर्यत ज्या भूमीवर भरते तिचा इतिहास याहून जुना आहे. कर्नल विल्यम लाइट यांनी १८३७ मध्ये ॲडिलेडची आखणी केली. काटकोनात छेदणारे रुंद रस्ते आणि शहराला चहूबाजूंनी वेढणारा मोकळ्या उद्यानभूमीचा पट्टा ही तिची वैशिष्ट्ये होत. ही आखणी २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वारसास्थळांच्या यादीत समाविष्ट झाली. कौर्ना या मूळ रहिवाशांची ही भूमी असून व्हिक्टोरिया पार्कला आज त्यांच्या भाषेतील पाकापाकांथी हे नावही अधिकृतपणे जोडलेले आहे. एकोणिसाव्या शतकात येथे घोड्यांच्या शर्यतींचे मैदान होते. म्हणजे या भूमीवर गर्दी व शर्यत या गोष्टी मोटारीबरोबर आल्या असे नव्हे. तथापि उद्यानभूमी ही सर्व नागरिकांची असून तिचा कोणताही भाग काही काळासाठीही कुंपणात घालणे अयोग्य होय, असे मानणारा एक जाणता वर्ग ॲडिलेडमध्ये पूर्वीपासून आहे. मोटारशर्यतीचा व या वर्गाचा वाद पहिल्या दिवसापासून चालू राहिला.

हा पहिला दिवस टूरिंग गाड्यांचा नव्हता. राज्याच्या स्थापनेस १९८६ मध्ये दीडशे वर्षे पूर्ण होणार होती. त्या सुमारास शहराचे नाव जगभर व्हावे या हेतूने जॉन बॅनन यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने फॉर्म्युला वन स्पर्धेचे सूत्रधार बर्नी एक्लस्टन यांच्याशी करार केला आणि १९८४ मध्ये विधिमंडळाने शर्यतीसाठी स्वतंत्र कायदा संमत केला. शर्यतमार्ग ३·७८० किमी. लांबीचा होता. ३ नोव्हेंबर १९८५ रोजी येथे झालेली पहिली ग्रां प्री फिनलंडच्या केके रोझबर्ग यांनी जिंकली. पुढील वर्षी ब्रिटिश चालक नाइजेल मॅन्सेल यांच्या गाडीचे मागील टायर भर वेगात फुटले आणि हातातोंडाशी आलेले जगज्जेतेपद फ्रान्सच्या ॲलँ प्रॉस्त यांच्याकडे गेले. गाडीच्या मागे ठिणग्यांचा लोट उसळत असल्याचे ते दृश्य जगभरच्या दूरचित्रवाणी प्रेक्षकांनी पाहिले. १९९१ ची शर्यत मुसळधार पावसामुळे अवघ्या १४ फेऱ्यांत थांबवावी लागली. या अकरा वर्षांत मुख्य शर्यतीच्या जोडीला टूरिंग गाड्यांच्या छोट्या शर्यतीही होत. त्यांना मुख्य कार्यक्रमाआधीची करमणूक एवढेच स्थान होते. परंतु त्यांमुळे या रस्त्यांची ओळख स्थानिक चालकांना आणि स्थानिक गाड्यांची ओळख या रस्त्यांच्या कडेच्या प्रेक्षकांना झाली.

ग्रां प्री ॲडिलेडच्या हातून गेली ती राज्याच्या आर्थिक दुरवस्थेच्या काळात. १९९१ मध्ये स्टेट बँक ऑफ साउथ ऑस्ट्रेलिया ही सरकारी बँक बुडाली व तिच्या कर्जाचा बोजा राज्यावर पडला. १९९२ मध्ये बॅनन यांनी राजीनामा दिला. याच सुमारास शेजारच्या व्हिक्टोरिया राज्याचे मुख्यमंत्री जेफ केनेट व मेलबर्नचे उद्योगपती रॉन वॉकर यांनी एक्लस्टन यांच्याशी परभारे बोलणी करून स्पर्धेचा हक्क मिळविला. डिसेंबर १९९३ मध्ये ही गोष्ट जाहीर झाली, तेव्हा ॲडिलेडला आपण लुटले गेल्याची जी भावना झाली ती पुढे अनेक वर्षे टिकून होती. १२ नोव्हेंबर १९९५ रोजी येथील अखेरची ग्रां प्री झाली. १९९६ पासून ती मेलबर्नच्या ॲल्बर्ट पार्कमध्ये भरू लागली, आणि सार्वजनिक उद्यान शर्यतीला द्यावे काय हा ॲडिलेडचा जुना वादही तिच्याबरोबर तेथे गेला.

ॲडिलेडच्या हाती राहिला तो १९८४ चा कायदा, उद्यानातील डांबरी धावपट्टी आणि दरवर्षी रस्त्यांचा शर्यतमार्ग करून देण्याचे कसब असलेली माणसे. शेवटची गोष्ट बहुधा सर्वांत मोलाची होती. जॉन ओल्सेन यांच्या सरकारने टूरिंग गाड्यांच्या संघटनेशी करार केला आणि ९ ते ११ एप्रिल १९९९ या काळात ‘सेन्सेशनल ॲडिलेड ५००’ या नावाने पहिली स्पर्धा पार पडली. मूळ मार्ग उत्तरेकडे रंडल रोडपर्यंत जात असे. तो आता बार्टल्स रोडवरूनच वळवून आखूड करण्यात आला. प्रत्येक दिवशी ७८ फेऱ्या ठेवण्यात आल्या. टूरिंग गाड्यांनी यापूर्वी अन्य शर्यतमार्गांवर दीर्घ पल्ले धावले होते. परंतु त्या शर्यतींत एका गाडीस दोन चालक असत. येथे एकट्या चालकाने सलग दोन दिवस अडीचअडीचशे किमी. गाडी हाकावयाची होती.

ही कसोटी किती कठीण आहे ते पहिल्याच वर्षी दिसून आले. बंद गाडीत एंजिनाची धग कोंडून राहते व चालकाच्या अंगावर अग्निरोधक वस्त्रांचे थर असतात. पुढे ही स्पर्धा फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे दक्षिण गोलार्धातील उन्हाळ्याच्या अखेरीस भरू लागली, तेव्हा हवेचे तपमान काही वर्षी ४० से. च्या आसपास गेले. थंड पाण्याच्या नळ्या शिवलेली बंडी चालक वापरतात. ती यंत्रणा बंद पडली की गाडी भिंतीवर जाण्याचा धोका वाढतो. पहिल्या स्पर्धेत होल्डनचे तरुण चालक क्रेग लाऊंड्स यांना शनिवारी दुसऱ्या गाडीशी झालेल्या टकरीमुळे रविवारची शर्यत सर्वांच्या मागून सुरू करावी लागली. शेवटच्या स्थानावरून एकेक गाडी मागे टाकीत त्यांनी ती जिंकली. नव्या स्पर्धेला पहिल्याच खेपेस अशी कथा मिळाल्यामुळे ग्रां प्रीची उणीव लोकांना पूर्वीइतकी भासेनाशी झाली. २००० च्या ३१ डिसेंबरला जुन्या संपूर्ण मार्गावर सहस्रकाच्या नावाने दीर्घ पल्ल्याच्या क्रीडामोटारींची एक शर्यत झाली व मगरीच्या चित्रांनी रंगविलेल्या आउडी गाडीने ती जिंकली. पण तो प्रयोग पुन्हा झाला नाही. शहराने आपली पसंती टूरिंग गाड्यांना दिली होती.

शर्यतमार्गाचे स्वरूप समजल्याशिवाय त्याची कीर्ती समजणार नाही. आरंभरेषा व पिट, म्हणजे इंधन भरण्याची आणि चाके बदलण्याची जागा, व्हिक्टोरिया पार्कमधील धावपट्टीवर आहे. तेथून निघताच ब्राझीलचे दिवंगत चालक आयर्तों सेना यांच्या नावाने ओळखले जाणारे डावे-उजवे दुहेरी वळण लागते. त्यातील उंच कडांवर गाड्या अक्षरशः उड्या मारतात. कडेवरून अधिक आत घुसावे तर वेळ वाचतो, पण गाडी उधळून समोरच्या भिंतीवर आदळण्याचा संभव असतो. त्यामुळे कोणी किती कड ओलांडली यावरून पंचांचे व चालकांचे नेहमी खटके उडत आले आहेत. त्यानंतर शहराच्या चौकांमधून काटकोनी वळणे येतात. एरवी वाहतूक-दिव्यांपाशी गाड्या जेथे थांबतात, तेच हे चौक होत. साध्या रस्त्याला पाणी वाहून जाण्यासाठी मध्ये उंचवटा व कडेला उतार असतो. रंगविलेले पट्टे, गटारांची झाकणे, डांबराचे सांधे या सर्वांवर टायरची पकड निरनिराळी असते. सामान्य वाहनचालकाला न जाणवणाऱ्या या गोष्टी शर्यतीच्या वेगात निर्णायक ठरतात. खास बांधलेल्या शर्यतमार्गावर चूक झाल्यास गाडी वाळूत किंवा गवतावर जाते. येथे ती कॉंक्रीटच्या भिंतीवर जाते. एक फेरी सु. ८० सेकंदांची, ती दिवसात ७८ वेळा, भिंतीपासून वीतभर अंतर राखून करावयाची.

या सर्व मार्गात आठवे वळण सर्वांत भयप्रद मानले जाते. बार्टल्स रोडकडून येणाऱ्या गाड्या येथे उजवीकडे दीर्घ बाक घेत ताशी २०० किमी.हून अधिक वेगाने ब्रॅबॅम सरळपट्टीकडे निघतात. बाहेरच्या बाजूस भिंत आहे व वळणाचा शेवट आत शिरताना दिसत नाही. अनेक नामांकित चालकांच्या गाड्या येथे चक्काचूर झाल्या आहेत. २३ फेब्रुवारी २००८ रोजी मुख्य स्पर्धेच्या जोडीला असलेल्या दुय्यम मालिकेच्या शर्यतीत ॲश्ली कूपर या २७ वर्षांच्या चालकाची गाडी येथे भिंतीवर आदळली व दोन दिवसांनी रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर या वळणाच्या कडेच्या संरक्षक व्यवस्थेत बदल करण्यात आले; वळण मात्र राहिले. ते काढून टाकावे असा आग्रह खुद्द चालकांनीही फारसा धरला नाही. धोका कमी करावा परंतु कसोटी नाहीशी करू नये, ही मोटारशर्यतीतील सर्वसाधारण भूमिका येथेही दिसते. ती पटो वा न पटो, नगरमार्गावरील शर्यतीचे आकर्षण बव्हंशी भिंतीच्या त्या निकटतेत आहे, हे नाकारता येत नाही.

शर्यतीचा कायदेशीर पाया असामान्य आहे. पुढे ‘दक्षिण ऑस्ट्रेलिया मोटारक्रीडा अधिनियम’ असे नाव मिळालेल्या १९८४ च्या कायद्यान्वये मंत्र्याने विशिष्ट क्षेत्र व विशिष्ट कालावधी घोषित केला की, तेवढ्या काळापुरता त्या रस्त्यांचा व उद्यानभूमीचा ताबा महापालिकेकडून शर्यतीच्या मंडळाकडे जातो. आवाजाविषयीचे नेहमीचे निर्बंधही तेवढ्या काळात शर्यतीस लागू राहत नाहीत. मुख्य कार्यक्रम चार दिवसांचा असला, तरी कॉंक्रीटचे ठोकळे, तारेची कुंपणे, पादचारी पूल व प्रेक्षागारे उभारण्यास आणि उतरविण्यास अनेक आठवडे लागतात. एवढा काळ उद्यानाचा मोठा भाग फिरावयास येणाऱ्यांना बंद असतो व भोवतालच्या रहिवाशांना वळसे घ्यावे लागतात. वर्षाच्या उरलेल्या काळात मात्र उद्यानातील तीच धावपट्टी सायकलस्वारांच्या सरावास उपयोगी पडते. मायकेल रॅन यांच्या सरकारने येथे पक्के प्रेक्षागार बांधण्याची योजना मांडली होती. उभारणीचा वार्षिक खर्च त्यामुळे वाचला असता. परंतु महापालिका व उद्यानरक्षक यांच्या विरोधामुळे २००७ मध्ये ती सोडून देण्यात आली. शर्यत भरविण्यास मान्यता, पण तिने कायमचे घर करण्यास नकार, अशी ही तडजोड होती. तिच्यामुळे उद्यान बचावले. मात्र त्याचबरोबर शर्यत दरवर्षी सरकारच्या तिजोरीवर व मर्जीवर अवलंबून राहिली. स्वतःचे मैदान असलेली स्पर्धा वाईट काळात तग धरून राहते, तशी सोय या स्पर्धेस नव्हती.

चांगल्या काळात ही उणीव कोणाच्या लक्षात आली नाही. २००५ मध्ये मालिकेच्या सन्माननीयांच्या यादीत चालकांच्या बरोबरीने या स्पर्धेचाही समावेश झाला. असा मान मिळालेली ती पहिलीच स्पर्धा होय. जेमी व्हिंकप यांनी २००६ मध्ये ट्रिपल एट या संघात येताच पदार्पणातील पहिलीच स्पर्धा येथे जिंकली. पुढे त्यांनी सात अजिंक्यपदे मिळविली. २०१४ ते २०१६ या काळात शनिवारची शर्यत दोन आखूड भागांत विभागण्यात आली होती; परंतु स्पर्धेचा कस त्यामुळे उतरतो अशी टीका झाल्याने २०१७ पासून मूळ स्वरूप पुन्हा स्वीकारण्यात आले. २०१६ च्या रविवारी पावसाने शर्यत खोळंबली व ठरल्या वेळेमुळे ती आखूड झाली. प्रत्येक गाडीने किमान ठराविक इंधन भरलेच पाहिजे असा नियम होता. आघाडीच्या अनेक संघांचे ते पुरते भरून झाले नव्हते. ज्यांचे भरून झाले होते त्यांत एका लहान संघाचे चालक निक परकॅट होते व विजय त्यांना मिळाला. ते मूळचे ॲडिलेडचेच असल्यामुळे या विजयाचे शहरात झालेले कौतुक एखाद्या अजिंक्यपदाहून कमी नव्हते.

ॲडिलेडचे यश पाहून इतर शहरांनीही आपले रस्ते शर्यतीसाठी खुले केले. कॅनबेरा (२०००–०२), न्यूझीलंडमधील हॅमिल्टन (२००८–१२), सिडनीचे ऑलिंपिक पार्क (२००९–१६) व न्यूकॅसल (२०१७–१९ व २०२३) ही त्यांतील काही होत. यांपैकी कॅनबेराची शर्यत संसदभवनाच्या परिसरात भरे. तिच्यापासून झालेल्या लाभाहून खर्च अधिक, असा निष्कर्ष तेथील महालेखापरीक्षकांनी काढला व ती बंद पडली. हॅमिल्टनच्या महापालिकेचे तर सु. ४ कोटी डॉलर त्यात गुंतले. उत्तर क्वीन्सलंडमधील टाउन्सव्हिलसारखी थोडीच उदाहरणे दीर्घकाळ टिकली. अशा शर्यतींच्या लाभाचे हिशेब बहुधा पर्यटकांचा खर्च व शहराची प्रसिद्धी यांच्या अंदाजांवर आधारलेले असतात आणि ते अंदाज आयोजकांच्याच बाजूने मांडले जातात. प्रेक्षकसंख्येबाबतही सावधगिरी आवश्यक आहे. जाहीर होणारा आकडा चारही दिवसांच्या उपस्थितीची बेरीज असतो. चार दिवस येणारा एक मनुष्य त्यात चार वेळा मोजला जातो.

दरम्यान ज्या पायावर या खेळाची लोकप्रियता उभी होती तोच खचत होता. देशी बनावटीच्या मोठ्या प्रवासी गाड्यांची मागणी घटली. फोर्डने ऑक्टोबर २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातील उत्पादन थांबविले. २० ऑक्टोबर २०१७ रोजी एलिझाबेथचा होल्डन कारखाना बंद झाला. निस्सान, मर्सेडीझ व व्होल्व्हो यांच्या गाड्या काही वर्षे मालिकेत येऊन गेल्या, परंतु जुन्या निष्ठांची जागा त्या घेऊ शकल्या नाहीत. १७ फेब्रुवारी २०२० रोजी जनरल मोटर्सने होल्डन हे नावच रद्द करण्याचा निर्णय जाहीर केला. त्याच आठवड्याच्या अखेरीस ॲडिलेड ५०० भरली होती. कंपनीच्या जन्मगावी, तिच्या अस्ताच्या वार्तेनंतर तीन दिवसांनी सुरू झालेल्या त्या स्पर्धेस आयोजकांच्या गणनेनुसार चार दिवसांत सु. २ लक्ष ६ हजार प्रेक्षक आले. आधीच्या भरभराटीच्या वर्षांच्या मानाने ही संख्या बरीच कमी होती.

ऑक्टोबर २०२० मध्ये मुख्यमंत्री स्टीव्हन मार्शल यांच्या लिबरल सरकारने स्पर्धा बंद करीत असल्याचे घोषित केले. कोविड साथीमुळे निर्माण झालेली अनिश्चितता, घटती उपस्थिती व उभारणीचा खर्च ही कारणे देण्यात आली. निर्णय तात्पुरता नव्हता, हे पुढच्या घटनांवरून कळते. शर्यतमार्ग उभारण्याची सामग्री विक्रीस काढण्यात आली. स्पर्धा चालविणारे स्वतंत्र मंडळ आधीच, २०१५ च्या सुमारास, बरखास्त होऊन त्याचे काम पर्यटन आयोगाकडे गेले होते. त्यामुळे सरकारच्या आतून शर्यतीची बाजू मांडणारे कोणी उरले नव्हते. उद्यानरक्षकांना हा आपला विजय वाटला. मोटारप्रेमींना मात्र १९९३ ची आठवण झाली. या वेळी फरक इतकाच होता की, शर्यत दुसऱ्या कोणी पळविली नव्हती.

यापुढील भाग मोटारक्रीडेइतकाच निवडणुकीच्या इतिहासाचा आहे. विरोधी मजूर पक्षाचे नेते पीटर मॅलिनॉस्कस यांनी सत्तेवर आल्यास शर्यत परत आणण्याचे वचन दिले व ते प्रचारात ठळकपणे मांडले. १९ मार्च २०२२ च्या निवडणुकीत त्यांचा पक्ष विजयी झाला. राज्यातील रुग्णवाहिका व रुग्णालये यांची दुरवस्था हा या निवडणुकीतील मोठा प्रश्न होता. त्यामुळे केवळ शर्यतीच्या जोरावर सत्तापालट झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. परंतु मोटारशर्यत हा एखाद्या राज्याच्या निवडणुकीत खरोखरीचा मुद्दा झाल्याची उदाहरणे विरळाच. मोटारक्रीडा मंडळाची पुन्हा स्थापना झाली, साहित्याची नव्याने जुळवाजुळव करण्यात आली आणि निवडणुकीनंतर नऊ महिन्यांच्या आत, १ ते ४ डिसेंबर २०२२ या काळात, स्पर्धा पुन्हा भरली. चार दिवसांची उपस्थिती सु. २ लक्ष ५८ हजार नोंदली गेली.

मोसमाच्या प्रारंभी भरणारी ही स्पर्धा आता मोसमाच्या अखेरीस आली होती, व त्यामुळे तिला एक अनपेक्षित महत्त्व लाभले. २०२३ पासून होल्डन गाड्या मालिकेतून जाणार असल्याने त्यांची अखेरची शर्यत ॲडिलेडमध्येच झाली. शनिवारची शर्यत चॅझ मॉस्टर्ट यांनी होल्डनमधून जिंकली. रविवार, ४ डिसेंबर रोजी २० वर्षांच्या ब्रॉक फीनी यांनी होल्डनमधूनच आपल्या कारकीर्दीतील पहिला विजय मिळविला. होल्डनचा तो शेवटचा. जुन्या होल्डन गाड्यांचे संचलन पाहण्यासाठी बंद कारखान्याचे माजी कामगारही आले होते. १६६ वर्षांपूर्वी जेथे जिने शिवण्यास प्रारंभ झाला, त्याच शहराच्या रस्त्यावर या नावाची शर्यतीतील कारकीर्द संपली.

२०२३ पासून मालिकेत फोर्ड मस्टँग व शेव्हरोले कमॅरो या दोन दरवाज्यांच्या अमेरिकन गाड्या धावू लागल्या. कुटुंबाची गाडी शर्यतीत उतरते ही टूरिंग प्रकाराची मूळ कल्पना त्यांना नावापुरतीच लागू पडते. मोसमाचा समारोप ॲडिलेडला करण्याची प्रथा चालू राहिली. २०२३ चे अजिंक्यपद ब्रॉडी कोस्टेकी यांनी, तर २०२४ चे विल ब्राउन यांनी येथेच निश्चित केले. २०२५ मध्ये मालिकेने बाद पद्धतीची अंतिम फेरी सुरू केली, तेव्हा तिची निर्णायक लढत ॲडिलेडच्या रस्त्यांवर ठेवण्यात आली. उद्यानभूमीच्या वापराविषयीचे आक्षेप कायम असून १९८४ चा कायदा अनेक दुरुस्त्यांसह शर्यतीचा आधार राहिला आहे.